झुकिनीचं पान पिवळं पडतं तेव्हा

झुकिनी हे घाईचं पीक आहे. बी टोकल्यापासून साधारण दीड महिन्यात पहिला तोडा येतो आणि त्यानंतरचा महिना-सव्वा महिना हाच काय तो कमाईचा काळ. दुधी किंवा दोडक्याच्या मांडवाचा एखादा आठवडा वाया गेला तरी वेल पुढे सरकतो, नवे फुटवे काढतो आणि भरपाई करतो. झुकिनीला तशी सवड नाही. एकच आखूड, जाड खोड आणि त्यावरच सगळी पानं, सगळी फुलं. म्हणून पान पिवळं दिसलं की शेतकरी असो वा गच्चीवर बाग करणारं कुटुंब, घाबरून हाताशी असेल ते दिलं जातं. कुणी युरिया टाकतं, कुणी पाणी वाढवतं, कुणी कृषी सेवा केंद्रातून तीन औषधं आणून एकाच पंपात कालवतं.

यातला बराच खर्च वाया जातो आणि कधी कधी पीकही जातं. पिवळेपणाची कारणं डझनभर तरी आहेत आणि त्यांतल्या काहींचे उपाय एकमेकांच्या अगदी उलटे आहेत. पुणे-नाशिक भागात हॉटेलांच्या मागणीमुळे ही भाजी रुजली, आता ती घरच्या स्वयंपाकातही येऊ लागली आहे. पण काकडी-कारल्याबद्दल गावात जी पिढ्यांची जाण आहे, ती झुकिनीच्या वाट्याला अजून आलेली नाही. त्यामुळे औषध विकत घेण्याआधी पान नीट बघण्याची सवय इथे जास्त उपयोगी पडते.

आधी काय बघायचं

पहिला प्रश्न : पिवळं पान जुनं आहे की नवं? झुकिनीत हे ओळखणं सोपं. बुडाची, जमिनीला टेकलेली पानं जुनी. मधल्या शेंड्यातून उलगडणारी नवी.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण झाडाच्या अंगात काही अन्नद्रव्यं हलती असतात. नत्र, पालाश, मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं. म्हणून त्यांची टंचाई आधी बुडाशी दिसते. लोह, मँगनीज, गंधक यांचं तसं होत नाही. एकदा पानात बसलं की ते सहसा तिथून हलत नाही, त्यामुळे त्यांची टंचाई शेंड्याला दिसते. एवढं एक सूत्र लक्षात ठेवलं तरी निम्मी कारणं बाजूला पडतात.

दुसरा प्रश्न : पिवळेपणा पानावर कसा पसरला आहे? सगळं पान एकसारखं फिकट, शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, फक्त कडा पिवळ्या, की सुटे ठिपके? तिसरा प्रश्न : शेतात तो कुठे आहे? सखल भागातल्याच ओळी पिवळ्या असतील तर पाण्याकडे बघा. मधूनच एखादं झाड असेल तर मुळाकडे किंवा विषाणूकडे. बांधालगतची एक पट्टीच पिवळी पडली असेल तर शेजारच्या शेतात काय फवारलं गेलं त्याची चौकशी करा.

आणि पान उलटून बघायला विसरू नका. झुकिनीची पानं मोठी, खरखरीत आणि काटेरी लवेची असल्यामुळे हात घालायचा कंटाळा येतो, पण निम्मी लक्षणं तिथेच असतात. सकाळी दव असताना बघितलं तर आणखी चांगलं.

ज्यासाठी काहीच करायचं नाही

बुडाची एक-दोन पानं पिवळी पडून सुकणं हे झुकिनीत ठरलेलंच आहे. वर नवी पानं पसरली की खालच्या पानांना ऊन मिळत नाही, मग झाड त्यांच्यातला माल काढून घेतं आणि त्यांना सोडून देतं. शेंडा हिरवागार, फुलं भरपूर, फळं सरळ असतील तर ती पानं खुडा आणि पुढच्या कामाला लागा.

दुसरी गोष्ट पिवळेपणाची नाही, पण तिच्यामुळे दरवर्षी विनाकारण फवारण्या होतात. झुकिनीच्या बऱ्याच वाणांच्या पानांवर शिरांच्या बेचक्यांत चंदेरी-पांढरे पट्टे असतात. ते वाणाचं जन्मजात रूप आहे. नवखे लोक त्याला भुरी हा रोग समजतात. ओळखायची युक्ती साधी : बोटानं पुसा. भुरीची पावडर बोटाला लागते, चंदेरी पट्टा जागचा हलत नाही. तो शिरांच्या बाजूनं ठरावीक नक्षीत आणि सगळ्या झाडांवर जवळपास सारखाच असतो. मात्र सगळं पानच चांदीचा मुलामा दिल्यासारखं पांढुरकं होत असेल, तर पानामागे पांढऱ्या माशीची पिल्लं शोधा. त्यांनी रस शोषल्यानंही झुकिनीचं पान असं चंदेरी पडतं.

पाणी : सर्वांत नेहमीचं कारण

आपल्याकडच्या भारी काळ्या जमिनीत झुकिनी पिवळी पडली, तर पहिला संशय जास्त पाण्यावर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. झुकिनीची बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटात असतात. तिथली मातीतली पोकळी पाण्यानं भरून राहिली की मुळांना हवा मिळत नाही. श्वास कोंडलेली मुळं अन्नद्रव्यं उचलू शकत नाहीत, मग जमिनीत खत पुरेसं असूनही पान उपाशी राहतं. आधी बुडाची पानं फिकट होतात, नंतर सगळं झाड मलूल दिसतं आणि ओल तशीच राहिली तर खोडाशी सड सुरू होते.

फसगत होते ती इथे. मुळं गुदमरलेलं झाड दुपारी माना टाकतं, पाणी कमी पडलेलं झाडही माना टाकतं. बघणाऱ्याला वाटतं तहान लागली, तो ठिबकची वेळ वाढवतो. दुपारच्या उन्हात झुकिनीची मोठी पानं कोमेजणं हे तसंही स्वाभाविक आहे, कारण एवढ्या पसाऱ्यातून उडणारं पाणी मुळं त्याच वेगानं पुरवू शकत नाहीत. म्हणून निर्णय दुपारी घ्यायचा नाही. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. रात्रीतून पान ताठ झालं असेल तर काळजी नाही. सकाळीही मलूल असेल तर खोडापासून वीतभर अंतरावर चार बोटं खोल माती उकरा आणि मुठीत दाबा. पाणी सुटलं किंवा चिखलाचा गोळा झाला तर पाणी बंद. माती भुरभुरीत कोरडी निघाली तर पाणी द्या. गोळा होतो पण खाली टाकल्यावर फुटतो, तो वाफसा. झुकिनीला कायम हवा असतो तो हाच.

पाणी साचून पिवळ्या पडलेल्या पिकाला खत देऊन काही होत नाही. आधी पाण्याला वाट करून द्या, दोन-चार दिवस ठिबक बंद ठेवा, गादीवाफ्याची वरची पापडी खुरप्यानं हलकेच मोडा. मुळांना हवा लागली की नवं पान हिरवं निघतं. पुढच्या वेळी लागवडच फूटभर उंच गादीवाफ्यावर करावी. पावसाळ्यात सपाट वाफ्यात झुकिनी लावू नये.

कुंडीतही हेच घडतं, फक्त कारण वेगळं असतं. बुडाचं छिद्र मातीनं किंवा मुळांनी बुजलेलं असतं, किंवा कुंडीखालच्या ताटलीत पाणी उभं असतं. उलट उन्हाळ्यात छोट्या कुंडीतली माती दिवसातून दोनदा सुकते आणि तो ताणही बुडाच्या पानांवर दिसतो. एका झाडाला निदान वीस लिटर मातीची जागा द्यावी. त्याहून लहान कुंडीत झुकिनी जगते, पण फारसं फळ देत नाही.

नत्र कमी पडलं की

बुडाची पानं सर्वांगानं एकसारखी फिकट पिवळी, शिरांसकट, आणि नवी पानं हिरवी पण लहान. हे नत्राच्या टंचाईचं चित्र. हलक्या, मुरमाड जमिनीत आणि जोराच्या पावसानंतर ते हमखास दिसतं, कारण नत्र पाण्याबरोबर खाली झिरपून जातं.

गच्चीवरच्या बागेत याची दोन खास कारणं आहेत. एक म्हणजे नुसतं कोकोपीट. ते ओल छान धरतं, पण त्यात झाडाच्या उपयोगाचं नत्र जवळजवळ नसतंच. न धुतलेलं असेल तर वर क्षारही असतात. दुसरं म्हणजे अर्धवट कुजलेलं खत. वाळलेला पाला, भुसा, लाकडाचा चुरा पुरता कुजण्याआधी कुंडीत भरला, तर तो कुजवणारे जिवाणू स्वतःच मातीतलं नत्र वापरतात आणि झाड मागे राहतं. खत तयार झालं का ते नाकाला कळतं : पहिल्या पावसातल्या मातीचा वास आला तर तयार, आंबूस किंवा अमोनियाचा झोंबरा वास आला तर अजून थांबा.

तातडीचा उपाय म्हणून लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम युरिया विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारता येतो, किंवा ठिबकमधून १९:१९:१९ देता येतं. कुंडीत गांडूळखताच्या दोन ओंजळी आणि दर आठवड्याला पातळ जिवामृत पुरतं. हात मात्र आखडता ठेवा. नत्र जास्त झालं की पानं काळपट हिरवी, लुसलुशीत आणि मोठी होतात, फळधारणा लांबते आणि मावा व भुरी दोघंही तिकडे धावतात.

मॅग्नेशियम आणि पालाश

तोडा ऐन भरात असताना बुडाच्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधली जागा पिवळी पडत गेली, तर मॅग्नेशियमची टंचाई समजावी. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो, त्यामुळे ते कमी पडलं की हिरवा रंगच तयार होत नाही. आपल्या जमिनीत मॅग्नेशियम असूनही ते मिळत नाही असं बऱ्याचदा घडतं, कारण फळं फुगवण्यासाठी दिलेला भरमसाट पालाश मुळाशी मॅग्नेशियमची वाट अडवतो. आठवड्याच्या अंतरानं दोनदा, लिटरला ५ ते १० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी करावी आणि पालाशयुक्त खताचा हप्ता थोडा कमी करावा.

पालाश खरोखर कमी असेल तर पिवळेपणा जुन्या पानाच्या कडेनं सुरू होतो आणि कड तपकिरी होऊन करपते. पण कड करपण्याला बोअरचं खारट पाणीही कारण असतं. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला तर तो क्षारांचा. तिथे आणखी खत देऊ नका. कुंडीत चांगलं पाणी सोडून बुडातून वाहू द्या, शेतात निचरा सुधारा आणि पाण्याची तपासणी करून घ्या.

शेंडा पिवळा : चुनखडीच्या जमिनीतला लोहाचा प्रश्न

शेंड्याची कोवळी पानं लिंबासारखी पिवळी आणि त्यांवर हिरव्या शिरांची बारीक जाळी. बुडाची पानं मात्र ठणठणीत. हे चित्र पश्चिम महाराष्ट्रातल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत इतकं नेहमीचं आहे की उसात आणि भुईमुगातही शेतकरी ते ओळखतात. उसात बरेच जण त्याला केवडा पडला म्हणतात. झुकिनीत मात्र केवडा हे पानांवरच्या एका वेगळ्या रोगाचं नाव आहे, ते ऐकलं की दुकानदार बुरशीनाशक काढून देतो, म्हणून नाव सांगण्यापेक्षा पान खिशात घालून न्यावं.

जमिनीत लोह नसतं असं नाही. जमिनीचा सामू ८ च्या आसपास गेला की लोह अशा रूपात अडकतं की मुळांना ते घेता येत नाही. झुकिनीला ६ ते ७.५ सामू मानवतो. त्यात पाणी जास्त झालं की प्रश्न आणखी चिघळतो : चुनखडीच्या ओल्या जमिनीत बायकार्बोनेट वाढतं आणि ते लोहाचं शोषण रोखतं. म्हणूनच पावसाची झड लागली की शेंडे पिवळे पडतात आणि उघडीप मिळून वाफसा आला की काही झाडं आपोआप सावरतात. अशा वेळी चार दिवस थांबण्यात शहाणपण असतं.

थांबूनही फरक पडला नाही तर फवारणी. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, द्रावण ताजं, वेळ संध्याकाळची. आठवड्यानं पुन्हा एकदा. आधी दोन-तीन पानांवर मारून बघा. झुकिनीचं पान दाट द्रावणानं डागाळतं. फेरस सल्फेट नुसतं जमिनीत टाकलं तर चुनखडी त्याला लगेच निकामी करते. ते शेणखतात मिसळून, काही दिवस मुरवून दिलं तर जास्त टिकतं.

चिलेटेड लोह विकत घेताना पाकिटावरचं लहान अक्षर वाचा. ईडीटीए प्रकारचं लोह सामू ६.५ च्या वर गेला की जमिनीत फारसं टिकत नाही. ते फवारणीला ठीक. चुनखडीच्या जमिनीत ठिबकमधून द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं घ्यावं. ते महाग आहे, पण जास्त सामूतही टिकतं. हा फरक न बघता घेतलेलं स्वस्त पाकीट बहुधा मातीतच संपतं.

जस्त आणि मँगनीजच्या टंचाईतही कोवळ्या-मधल्या पानांच्या शिरांमध्ये पिवळेपणा येतो, फक्त शिरांची जाळी तितकी रेखीव नसते. शंका असेल तर मातीची आणि देठ-पानांची तपासणी करून घ्यावी.

केवडा आणि भुरी

ओल आणि गारवा एकत्र आला की केवडा येतो. पानाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळे ठिपके, आणि पान उलटलं की त्याच जागी सकाळच्या ओलीत करड्या-जांभळट रंगाची लव. काकडीवर हे ठिपके शिरांच्या चौकटीत अडकून कोनदार दिसतात, झुकिनीवर त्यांच्या कडा तितक्या ठळक नसतात. या रोगाला पानावर काही तास पाणी टिकून राहावं लागतं. म्हणून संध्याकाळचं तुषार सिंचन बंद करणं, ओळींत वारा खेळू देणं आणि दोन रोपांत अडीच-तीन फूट अंतर ठेवणं हा अर्धा उपाय आहे. ठिपके दिसताच खालची रोगट पानं काढून शेताबाहेर न्यावीत आणि कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतलं बुरशीनाशक लेबलवरच्या प्रमाणात वापरावं. अर्धी पानं करपल्यावर केलेल्या फवारणीनं फारसं साधत नाही.

भुरीचं वागणं वेगळं. तिला पानावर पाण्याचा थेंब लागत नाही, दमट हवा आणि दाट सावली पुरते. दिवाळीनंतर, कोरडे दिवस आणि थंड, दमट रात्री सुरू झाल्या की ती येते. पांढरी पावडर आधी दिसते, पिवळेपणा मागून येतो आणि पान कागदासारखं वाळतं.

भुरीवरचा एक घरगुती उपाय चक्क झुकिनीवरच तपासला गेला आहे. ब्राझीलच्या एम्ब्रापा या सरकारी कृषी संशोधन संस्थेतल्या वॅग्नर बेत्तिओल आणि सहकाऱ्यांनी हरितगृहातल्या झुकिनीवर गाईच्या दुधाच्या फवारण्या करून पाहिल्या आणि १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहा टक्के किंवा त्याहून दाट दुधानं भुरी तुलनेसाठी घेतलेल्या बुरशीनाशकांइतकीच आटोक्यात आली. गच्चीवरच्या चार झाडांसाठी मी हाच उपाय आधी सुचवीन : एक वाटी दूध, नऊ वाट्या पाणी, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, सकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंना. पहिला पांढरा ठिपका दिसताच सुरुवात करायला हवी. दूध याहून फार दाट करू नये, पानावर दुसरीच बुरशी चढते आणि वास येतो.

शेतात बहुतेक जण पाण्यात विरघळणारं गंधक वापरतात आणि ते परिणामकारकही आहे. पण वेलवर्गीय पिकांची पानं गंधकानं लवकर भाजतात. पारा ३२ अंशांच्या पुढे असताना गंधक फवारू नका आणि तेलकट फवारणीच्या मागेपुढे दोन आठवडे तर मुळीच नको.

पानाच्या मागे

मार्चनंतर पानावर सुईनं टोचल्यासारखे असंख्य बारीक पिवळे ठिपके आले आणि मागे धुळीसारखे कण व कोळिष्टकं दिसली तर ते लाल कोळी. पांढऱ्या कागदावर पान झटका. कण चालू लागले तर खात्री झाली. पानामागे पाण्याचा जोरदार फवारा आणि ५ टक्के निंबोळी अर्क यांनी सुरुवातीला काम भागतं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं इथे मारू नयेत. ती कोळ्यांना खाणारे मित्रकीटक मारतात आणि पंधरवड्यात कोळी दुपटीनं वाढतात.

तुडतुड्यांनी कडा पिवळ्या होऊन पान वर वळतं. नागअळीच्या वेड्यावाकड्या पांढऱ्या रेषा दिसतात, त्या चार पानांवर असतील तर पानं खुडून टाका. लाल भुंगे रोपं दोन पानांवर असताना पानं कुरतडतात आणि त्यांच्या अळ्या मुळं खातात. सकाळी लवकर, भुंगे सुस्त असताना वेचणं लहान बागेत पुरतं.

विषाणू : इथे औषध नाही

मावा आणि पांढरी माशी जेवढा रस पितात, त्याहून कितीतरी जास्त नुकसान त्यांनी आणलेल्या विषाणूंनी होतं. झुकिनीच्या नावानंच ओळखला जाणारा एक विषाणू आहे, झुकिनी यलो मोझॅक. इटलीत १९७३ मध्ये तो पहिल्यांदा वेगळा केला गेला, १९८१ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं आणि आज तो भारतासह जगभर आहे. शेंड्याची पानं हिरव्या-पिवळ्या ठिगळांची होतात, काही जागी फोडासारखी फुगतात, कडा खोल कातरल्यासारख्या होतात, कधी पान दोरीसारखं अरुंद होतं. फळांवर गाठी येतात आणि ती वाकडी होतात. असा माल कुणी घेत नाही.

पांढऱ्या माशीनं पसरणारा दुसरा विषाणू मूळ आपल्याच देशात टोमॅटोवर ओळखला गेला, टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली या नावानं. २०१२ मध्ये तो स्पेनमध्ये पोचला आणि तिथे त्यानं पहिली गाठली ती झुकिनी. त्यात पानं पिवळी पडून गोळा होतात आणि झाड खुरटतं.

लोहाच्या टंचाईतही शेंडा पिवळा होतो, मग फरक कसा ओळखायचा? टंचाईतला पिवळेपणा शिरांच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि पानाचा आकार बिघडत नाही. विषाणूत रंगाची ठिगळं कशीही पडतात आणि आकार बिघडतो. शिवाय टंचाई पट्ट्यानं दिसते, विषाणू आधी इकडे-तिकडे एकेका झाडावर दिसतो.

विषाणूग्रस्त झाड बरं होत नाही. कोणतंही टॉनिक, कोणतंही सूक्ष्म अन्नद्रव्य त्याला सुधारत नाही आणि तशी जाहिरात कुणी करत असेल तर विश्वास ठेवू नये. पहिली काही झाडं दिसताच मुळासकट उपटा, पिशवीत घाला, शेताबाहेर पुरा. आधी माव्यावर फवारणी करून मग उपटावं, नाहीतर हलवल्यामुळे उडालेला मावा शेजारच्या झाडावर बसतो. विषाणू तोडणीच्या सुरीलाही लागून पसरतो, म्हणून निरोगी ओळी आधी तोडा आणि संशयित ओळी शेवटी.

माव्याला मोझॅकचा विषाणू पोचवायला काही सेकंद टोचणं पुरतं. कीटकनाशकानं तो मरण्याआधीच काम झालेलं असतं. त्यामुळे खरी लढाई मावा झाडावर बसू न देण्याची आहे. चंदेरी मल्चिंग पेपर प्रकाश परावर्तित करतो आणि उडणारा मावा व पांढरी माशी बिचकतात. शेताभोवती लागवडीच्या आधी तीन-चार आठवडे मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी पेरल्या, तर बाहेरून आलेला मावा आधी तिथे टोचतो आणि तोंडातला विषाणू तिथेच सोडतो. कलिंगड-खरबुजावर घालतात ते क्रॉप कव्हर झुकिनीलाही चालतं, फक्त मादी फुलं उमलू लागली की ते काढायलाच हवं, नाहीतर मधमाशी आत जाणार नाही आणि फळ धरणार नाही. पिवळे चिकट सापळे माशी आली हे कळायला उपयोगी आहेत, ती संपवायला ते पुरत नाहीत. शेजारी दुधी, कारली, भोपळ्याचा जुना, रोगट मांडव उभा असेल तर तो आधी मोडा. झुकिनी त्याच कुळातली आहे.

शेजारच्या उसातलं तणनाशक

पान पंख्यासारखं आकसलं, शिरा जवळ आल्या, देठ पिळवटले, तर विषाणू म्हणण्याआधी वारा कुठून येतो ते बघा. उसात रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी फवारतात. वेलवर्गीय पिकं त्याला फार नाजूक. वाऱ्यावर आलेला तुषारही पुरतो. हाच अपघात पंपामुळेही होतो. तणनाशकाचा पंप कितीही धुतला तरी झुकिनीसाठी तो वापरू नये, वेगळाच ठेवावा. मका किंवा उसानंतर लगेच झुकिनी लावली असेल तर जमिनीत उरलेल्या अ‍ॅट्राझिननंही जुन्या पानांच्या कडा आणि शिरांमधली जागा पिवळी पडते. सौम्य फटका बसला असेल तर नवी पानं हळूहळू सुधारतात.

एकटंच झाड पिवळं पडत असेल तर

ते उपटून मुळं बघा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी. एकाच शेडनेटमध्ये पाठोपाठ काकडी, टोमॅटो, झुकिनी घेतल्यानं सूत्रकृमी साठतात. उभ्या पिकात फार करता येत नाही. पुढे झेंडू किंवा ज्वारी-मक्यासारखं पीक घ्यावं आणि निंबोळी पेंड द्यावी. मुळं तपकिरी, सालटं सुटणारी असतील तर ती मुळकूज. खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसल्या तर मर. त्या खड्ड्यात लगेच दुसरं रोप लावू नये.

उपाय केल्यावर

पिवळं झालेलं जुनं पान सहसा पुन्हा पूर्ण हिरवं होत नाही, त्यामुळे त्याच्याकडे बघून उपाय फसला असं ठरवू नका. शेंड्यातून पुढची दोन पानं कशी निघतात ते बघा. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत उत्तर मिळतं. या काळात एका वेळी एकच बदल करा. पाणी, खत आणि औषध एकाच दिवशी बदललं तर कशानं फरक पडला हे कळत नाही आणि पुढच्या हंगामात पुन्हा अंदाजच बांधावे लागतात.

पूर्ण पिवळी किंवा रोगट पानं कोरड्या सकाळी, धारदार सुरीनं, देठासकट खोडालगत कापा. झुकिनीचा देठ पोकळ असतो. लांब खुंट ठेवला तर त्यात पाणी साचून सड खोडात उतरते. एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशाहून जास्त पानं काढू नका. सावली गेली की फळांवर उन्हाचे चट्टे पडतात. फळं वीतभर झाली की एक दिवसाआड तोडत राहा. एखादं फळ पानाआड राहून मोठं झालं तर झाड बी पक्व करण्याकडे वळतं, नवी फुलं कमी होतात आणि पानं लवकर पिवळी पडू लागतात.

फवारणी कोणतीही असो, ती सूर्यास्ताच्या सुमारास करावी. दुधाची तेवढी सकाळी, पण तीही फुलं टाळून. झुकिनीची फुलं पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, मधमाश्या त्याच वेळात येतात. औषधाच्या पाकिटावर फवारणीनंतर किती दिवसांनी तोडा करायचा ते लिहिलेलं असतं. झुकिनी एक दिवसाआड तोडावी लागते आणि सालीसकट खाल्ली जाते, त्यामुळे जिथे तो काळ दोन तोड्यांमधल्या अंतराहून मोठा आहे ते औषध तोड्याच्या हंगामात वापरू नये.

सव्वादोन-अडीच महिन्यांचं झालेलं झाड बुडापासून वरपर्यंत पिवळं पडत असेल आणि फळं आखूड, बारीक निघत असतील तर त्याच्यावर खर्च करू नका. पहिल्या लागवडीला एक महिना झाला की दुसरी लागवड वेगळ्या वाफ्यावर करून ठेवावी. पहिलं पीक थकेपर्यंत दुसऱ्याचा तोडा सुरू झालेला असतो.